वरखालीवाल्या बाबांची हजेरी

दर आठवड्याला नवा भाग आला की लिफ्टदुरुस्तीवाले मास्तर आधी शेवट ऐकायचे. सगळी दुनिया सुरुवातीपासून ऐकते, यांचं सगळंच उलटं. गच्चीवर लिफ्टच्या मोटररूमच्या पायरीवर बसायचं, ग्रीसने काळे झालेले हात चिंधीला पुसायचे, मोबाइल कानाशी धरायचा आणि बोटाने ती रेघ पार टोकाला सरकवायची. टोकाला हजेरी असायची. बाकीच्या भागाशी मास्तरांना काडीचं देणंघेणं नव्हतं.

त्या पॉडकास्टचं नाव होतं ‘जेवणाची सुट्टी’. एक बाई दर आठवड्याला कुणातरी कामकरी माणसाला गाठायची, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत त्याच्या शेजारी बाकावर बसायची आणि त्याला बोलतं करायची. कधी गवंडी, कधी नर्स, कधी शवागारात काम करणारा. मागे कुठली कंपनी नाही, मध्ये साबणाच्या जाहिराती नाहीत. ऐकणाऱ्यांनी दरमहा जमेल तसं काहीतरी द्यायचं, त्यावर गाडा चालायचा. आणि देणाऱ्यांचे आभार मानायची तिची रीत अशी, की भाग संपला की "बाकावर कोण कोण बसलंय?" असं विचारून ती एकेकाचं नाव घ्यायची आणि नावापुढे त्याने लिहून पाठवलेली एक ओळ वाचायची. शाळेत वर्गाची हजेरी घेतात तशी. म्हणून ऐकणारे तिला मॉनिटर म्हणायचे आणि तीही ते हौसेने मिरवायची.

"आणि आलेत बरं का!" मॉनिटर हसत म्हणायची. "वरखालीवाले बाबा हजर आहेत. त्यांचा निरोप, तुझ्या खोलीची खिडकी आता नीट लागते. मी दुरुस्त केली."

एवढं ऐकलं की मास्तर फोन खिशात टाकून कामाला लागायचे. ती ओळ जगात एकाच माणसासाठी होती, त्यांच्या लेकीसाठी. ती हे पॉडकास्ट ऐकते एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि तिच्यापर्यंत पोचायची दुसरी वाट त्यांना उरली नव्हती.

नावही तिनेच दिलेलं. लहानपणी शाळेत बाईंनी विचारलं, तुझे वडील काय करतात? ही उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "माझे बाबा वरखाली करतात." वर्ग हसून हसून लोळला. पोरगी घरी आली ती गाल फुगवून. पण नाव पडलं ते पडलंच. पुढे बायकोही हाक मारायची, "अहो वरखालीवाले, पान वाढलंय, या आता!"

असं परक्या बाईच्या तोंडून लेकीशी बोलायची वेळ मास्तरांवर का आली, ते सांगितलं पाहिजे. मास्तर वाईट नव्हते. पण आपल्याला सगळं कळतं, हा रोग त्यांना पहिल्यापासून. लेक दूरच्या शहरात पहिल्या नोकरीवर रुजू झाली आणि इकडे बायकोच्या दुखण्याने डोकं वर काढलं. मास्तरांनी परस्पर ठरवून टाकलं, पोरीला सांगायचं नाही. नवी नोकरी आहे, धावत येईल, केलेल्या सगळ्यावर पाणी पडेल. तिचा फोन आला की "आई झोपलीय", "आई शेजारी गेलीय". बायको अंथरुणातून हात पुढे करून फोन मागायची, तेव्हा हे डोळ्यांनी दटावायचे. तुझा हा आवाज ऐकला तर तिला कळेल ना! शेवटी ती मागायचीच बंद झाली. आणि एके दिवशी मास्तर दवाखान्यातून घरी पोचायच्या आत कुणा शेजारणीने लेकीच्या मोबाइलवर सांत्वन करून टाकलं. पोरगी बसमध्ये उभी होती. आई गेली हे तिला असं कळलं.

ती आली, आईच्या खोलीत दार लावून बसली आणि जाताना एवढंच म्हणाली, "तुम्ही मला तिचा आवाजसुद्धा ऐकू दिला नाहीत." त्यानंतर तिने मास्तरांचा नंबर बंद केला तो केलाच.

मास्तरांनी काही कमी हातपाय मारले नाहीत. एकदा तर थेट तिच्या इमारतीपाशी जाऊन थडकले. वॉचमनने वर फोन लावला, ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मॅडम म्हणतात, वर पाठवू नका." मास्तर तिथेच खालच्या खुर्चीत बसून राहिले. समोर लिफ्ट ये-जा करत होती आणि दर वेळी दार खरखर घासत होतं. त्यांना राहवेना. "दाराखालच्या खाचेत कचरा अडकलाय," ते म्हणाले. "साफ करून घ्या, नाहीतर एक दिवस आत माणसं अडकतील." वॉचमन म्हणाला, "बरं काका." झालं! एवढा प्रवास करून लेकीच्या दारात जाऊन बाबांनी काय केलं, तर खाच साफ करायला सांगितली.

राहता राहिली मास्तरांची धाकटी बहीण, पोरीची आत्या. तिच्याशी लेक बोलायची, पण अट घालून. "आत्या, त्यांचा निरोप आणलास तर तुझाही फोन घेणार नाही." आत्याने एकदा हळूच विषय काढून पाहिला, तर पोरीने कितीतरी महिने अबोला धरला. तेव्हापासून आत्या जीभ आवरून बोलायची. तिच्या तोंडून एकदा निसटलं की दोघी दर आठवड्याला ‘जेवणाची सुट्टी’ ऐकतात आणि मग त्यावर फोनवर गप्पा ठोकतात. मास्तरांनी ते नाव मनात धरून ठेवलं, पण लगेच काही केलं नाही. माणूस दुरावला तरी आपल्याला वेळ भरपूर आहे असंच वाटत असतं.

मग घसा बसला. लिफ्टच्या कामात एकजण वर मोटररूममध्ये असतो आणि दुसरा लिफ्टच्या टपावर, त्या अंधाऱ्या बोगद्यात उभा. टपावरच्याने "वर!" म्हटलं की वरच्याने लिफ्ट वर घ्यायची, "थांब!" म्हटलं की थांबवायची. सगळा खेळ आवाजावर. मास्तरांचा आवाज तर असा, की त्यांनी टपावरून हाक दिली की तळमजल्यावरचा माणूस दचकायचा. त्या दिवशी ते "थांब!" म्हणून ओरडले आणि घशातून नुसती हवा आली. लिफ्ट चढतच राहिली. छत डोक्यावर यायला लागलं. टपावरचं लाल बटण हाताला लागलं म्हणून वाचले, नाहीतर खेळ खल्लास होता. जोडीदार धावत आला, चेहरा पांढराफटक.

"मास्तर, आवाज का नाही दिलात?"

"दिला की," मास्तर म्हणाले. "तुला ऐकू नाही आला."

डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला आणि मग समोर बसवून सांगितलं. कॅन्सर आहे. आवाजाची पेटी काढावी लागेल. जीव बहुतेक वाचेल, पण हा आवाज जाईल तो कायमचा. आपल्याकडे गर्दी आहे, तारीख मिळाली की कळवू.

बहीण रडायलाच लागली. "दादा, मी सांगते तिला. व्हायचं ते होऊ दे."

"तू नाही," मास्तर म्हणाले. "आईचं तिला परक्याकडून कळलं. माझं मी सांगणार. माझ्या तोंडाने."

आता याला काय म्हणावं? घसा फाटलाय, दिवस हातातून निसटतायत, आणि हे अटी घालतायत! पण हट्टी म्हणजे हट्टी. आवाज आहे तोवर लेकीशी एकदा बोलायचं, एवढंच त्यांच्या मनाने घेतलं होतं. आजार सांगायचा तो तिचा फोन आल्यावर. तोवर बाकावरून नुसतं तिला बोलवत राहायचं. जोडीदाराने त्यांच्या मोबाइलमध्ये सगळं भरून दिलं आणि नावाच्या जागी मास्तरांनी लिहायला लावलं, वरखालीवाले बाबा. हे नाव कानावर पडूनही ती ओळखणार नाही, हे होणंच शक्य नव्हतं.

मग सुरू झालं. "तुझ्या आईची शाल मी कुणाला दिलेली नाही." पुढच्या आठवड्यात, "मी चुकलो." त्याच्या पुढच्या आठवड्यात, "एकदा फोन कर, दोनच मिनिटं." मॉनिटर सुरुवातीला हसत वाचायची, मग तिचाही आवाज हळू झाला. ऐकणाऱ्यांना मात्र हा म्हातारा भलताच आवडला. खाली लिहायचे, ‘वरखालीवाल्या बाबांसाठी मी शेवटपर्यंत थांबते.’ कुणी लिहायचं, ‘मुलगी आहे की दगड?’ ते वाचून मास्तरांचं टाळकं सरकायचं. "यांच्या बापाचं काय जातंय?" ते जोडीदाराला म्हणायचे. "चूक माझी आहे. तिला का बोलतात?"

फोन काही आला नाही. बहीण बोलायची तेव्हा मास्तर कान टवकारून बसायचे. ती अगदी रंगात येऊन सांगायची, "या वेळचा तो विहिरी खणणारा काय बोलला रे दादा!" आणि हजेरीबद्दल चकार शब्द नाही. मास्तरांनी मनाशी ताडलं की दोघींनी ठरवून तोंडाला कुलूप लावलंय. पोरगी ऐकते, ओळखते आणि गप्प बसते. म्हणजे नाहीच म्हणते. दर आठवड्याला हजेरी ऐकून त्यांना थोडी आशा वाटायची आणि पुढचा भाग येईपर्यंत ती पार विझून गेलेली असायची. तरी पुढची ओळ ते लिहायचेच.

ऑपरेशनची तारीख लागली, आणि त्याच आठवड्यात मॉनिटरचा फोन आला. "बाबा, तुम्हीच या ना आमच्या बाकावर. एक अख्खा भाग तुमचाच करू."

"मॅडम, माझ्याकडे तेवढा वेळ नाही," मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले आणि मग कुणा परक्याला न सांगितलेलं सगळं त्यांनी तिला सांगितलं. बायको, फोन, बस, वॉचमन, घसा. इतके दिवस तिच्याच तोंडाने बोलत होते, तिच्यापासून लपवायचं तरी काय?

मॉनिटरने अडखळत विचारलं, "बाबा, तुमची मुलगी नुसती ऐकते, की पैसेही देते?"

"त्याने काय होतं?"

"देणाऱ्यांना आम्ही वेगळा भाग पाठवतो. त्यात मदत मागणं नसतं, आणि हजेरीही नसते. ज्यांनी दिलंय त्यांच्यापुढे पुन्हा झोळी कशाला पसरायची, म्हणून. तुम्हालाही तो येतो की दर आठवड्याला."

येत होता. दर आठवड्याला मोबाइलमध्ये एक दुवा येऊन पडायचा आणि मास्तर तो कधी उघडायचे नाहीत. जोडीदाराने पहिल्या दिवशी दाखवून दिलेल्या जागी जायचं आणि शेवट ऐकायचा, एवढंच त्यांना येत होतं. त्यांनी तिथूनच बहिणीला फोन लावला.

"छोटे, तू त्या सुट्टीवालीला पैसे देतेस?"

"देते ना. पोरीनेच लावून दिलं माझ्या फोनमध्ये. ती तर अगदी पहिल्यापासून देते. का रे?"

"मग शेवटी ती हजेरी घेते, ती ऐकत नाही का तुम्ही?"

"कसली हजेरी?" बहीण म्हणाली.

मास्तर हसायला लागले. मोटररूममध्ये एकटेच, खोकल्याची उबळ येईस्तोवर हसले. ऐकलंच नव्हतं पोरीने! एकदाही नाही म्हटलं नव्हतं! जीव भांड्यात पडला त्यांचा. आणि मग ध्यानात आलं की घशात जो काही आवाज शिल्लक होता तो त्यांनी नुसता वाट बघण्यात घालवला, तेव्हा ते तिथेच पायरीवर बसून ढसाढसा रडले.

मॉनिटर बाई मनाची मोठी. "देणाऱ्यांच्या भागात तुमचं बोलणं घालते, तुमच्याच आवाजात," ती म्हणाली. "असं आम्ही कधी करत नाही. पण करते." ती स्वतः यंत्र घेऊन आली. मोटरच्या घरघरीत बोलणं ऐकू येईना, म्हणून जोडीदाराने लिफ्ट बंद केली आणि मजल्यामजल्यावर दुरुस्तीची पाटी लावली. खाली लोक जिने चढता चढता त्यांच्या नावाने खडे फोडत होते. मास्तर यंत्रापुढे बसले. आवाज कसला, फाटक्या पिशवीतून वारा जावा तसं काहीतरी.

"बाळा, मी बोलतोय. मला घशाचा कॅन्सर झालाय. आवाजाची पेटी काढणार आहेत. या वेळी आधी सांगतोय. आई तुझा फोन मागायची. रोज मागायची. मीच दिला नाही. तिचं काही चुकलं नाही. एकदा फोन कर. तू नाही बोललीस तरी चालेल, मी बोलेन."

"पुन्हा एकदा घेऊ या का?" मॉनिटरने डोळे पुसत विचारलं.

मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली. आता दुसऱ्यांदा निघणार नव्हतं.

भाग गेला. मास्तरांनी त्या दिवसापासून फोन हातातून खाली ठेवला नाही. वाजला की झडप घालून उचलायचे, आणि असायचं कोण, तर अमक्या इमारतीची लिफ्ट अडकलीय म्हणून सांगणारा. हॉस्पिटलमध्ये भरती झाल्यावरही उशाशी फोन. चाकाच्या खाटेवरून आत नेताना नर्सने हात पुढे केला, तेव्हा कुठे त्यांनी तो बहिणीकडे दिला. "वाजला तर," ते म्हणाले, आणि दार लागलं. ते त्यांचं शेवटचं बोलणं. फोन वाजला नाही.

शुद्धीवर आले तेव्हा गळ्याला भोक, त्यात नळी, आणि तोंड असून नसल्यासारखं. बोटं हलायला लागल्यावर त्यांनी पहिलं काय केलं, तर फोनवर टाइप करून बहिणीपुढे धरलं. ‘ऐकलं का तिने?’

बहिणीने नजर चुकवली. चादर नीट केली, पाण्याचा ग्लास सरकवला. मास्तरांनी फोन पुन्हा तिच्या नाकापुढे धरला.

"ऐकलं," ती म्हणाली. "माझ्याआधी तिने ऐकलं. ऑफिसात सगळ्यांबरोबर जेवायला बसली होती, कानात लावून. आणि एकदम तुझा आवाज. मला फोन केला. म्हणाली, आत्या, आई गेल्यापासून तेवढी एकच जागा माझी होती. तिथे मला कुणी काही आठवण करून देत नव्हतं. तिथेही ते येऊन बसले. त्यांच्या घशाचं मला आणि हजार अनोळखी लोकांना एकदमच कळलं. आता ते सगळे भागाखाली मला उद्देशून लिहितायत, फोन कर, फोन कर. त्यांना वाटतं, मी दगड आहे."

मास्तरांनी हाताने खूण केली, पुढे सांग.

"तिने ते बंद केलं, दादा. देणंही आणि ऐकणंही. नंतर एकदा फोन करून ऑपरेशन कसं झालं, तेवढं विचारलं. मी म्हटलं, ठीक झालं. मग ठेवला फोन."

मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि तो त्यांना सहन होईना. पुन्हा तेच केलं होतं त्यांनी. पुन्हा परस्पर ठरवलं होतं, तिने कधी ऐकायचं, कुणाच्या देखत ऐकायचं. बायकोच्या वेळी सांगितलं नाही आणि आपल्या वेळी भर पंगतीत सांगितलं, दोन्ही वेळा पोरीला कुणी विचारलं नाही. त्यांना स्वतःची इतकी चीड आली की खाटेच्या दांड्यावर मूठ आपटली. नर्स धावत आली.

दुपारी त्यांनी मॉनिटरला लिहिलं. ठणके सोसत, एकेक अक्षर शोधत लिहिलं. ‘माझं नाव काढा. मी देणं बंद करतो. ते माझं बोलणं पुसून टाका, खालचं लोकांचं लिहिलेलंही पुसा. तुमच्या देणाऱ्यांच्या यादीत तिचा पत्ता असेल, तिला कळवा की बाबा बाकावरून उठले, पुन्हा येणार नाहीत. तिला म्हणावं, तुझी जागा तुला आहे.’

मॉनिटरचं उत्तर आलं, ‘बाबा, सगळे तुमची चौकशी करतायत. लोकांना काय सांगू?’

‘लोकांना काही सांगू नका,’ मास्तरांनी लिहिलं. ‘तिला सांगा.’

मॉनिटरने शब्द पाळला. नवा भाग आला, त्यात हजेरी झाली, वरखालीवाल्या बाबांचं नाव आलं नाही. मास्तरांनी तो ऐकला नाही. बहिणीनेही विषय काढला नाही. गळ्यातली नळी बदलायला, भोकाभोवतीची जागा पुसायला नर्सने शिकवलं, ते आरशात बघून ते करायला लागले. घरी सोडायच्या आदल्या दिवशी फोन थरथरला. मॉनिटरची एकच ओळ होती, ‘ती बाकावर परत आली, बाबा.’

मास्तरांनी ती पुन्हा पुन्हा वाचली. त्यांना आनंद झाला, खरोखरच झाला. फोन त्यांनी उशीखाली ठेवला आणि कुशीवर वळून भिंतीकडे तोंड केलं. बहीण पाठीमागे स्टुलावर बसून संत्रं सोलत होती. ते रडत होते हे तिला कळलंसुद्धा नाही.